वाचून घेणाऱ्याला काय मिळते?



आपल्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला आठवी-नववीची मुले पहिली-दुसरीच्या मुलांजवळ बसून त्यांच्याकडून मराठी वाचून घेतात. बडोद्यातल्या आपल्या लहानग्यांची अडचण सर्वांना ठाऊक आहे. घरात मराठी, पण दुकानांच्या पाट्या आणि शेजारच्या मित्राची वही गुजराती. मग अक्षरांवर शिरोरेघ द्यायची राहून जाते आणि जोडाक्षर आले की गाडी अडते. वर्गात बाईंना प्रत्येकाजवळ दहा मिनिटे बसणे जमत नाही, ते हे ताई-दादा करतात. लहानांचा फायदा उघड आहे. पालकसभेत प्रश्न आला तो वेगळाच : "नववीचे वर्ष आहे, आमच्या मुलाला यातून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे.

मदत करणाऱ्याचेही भले होते, हे आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. आता ते मोजूनही पाहिले गेले आहे. पश्चिम कॅनडातील एका शहरी हायस्कूलमध्ये दहावीच्या १०६ मुलामुलींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाने दोन महिने आठवड्यातून एकदा प्राथमिक वयाच्या मुलांना मदत केली. दुसऱ्या गटाला थांबायला सांगितले. नंतरच्या तपासणीत मदत करणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल, उंचीच्या मानाने वजन आणि शरीरातील दाह दाखवणारे इंटरल्युकिन-६ हे दुसऱ्या गटापेक्षा कमी आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुले थोडी, काळही थोडा. तेव्हा शनिवारी वाचन घेतले म्हणून रविवारी दोन बशा सेव-उसळ पचेल, असा अर्थ कोणी काढू नये! पण ज्यांच्यात दुसऱ्याविषयीची कणव आणि मदतीची वृत्ती अधिक वाढली, त्यांच्यातच हा फरक अधिक दिसला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

असे का होत असावे? नववीतल्या मुलाच्या डोक्यात दिवसभर स्वतःचाच विषय असतो : गुण किती पडले, कोण काय म्हणाले, आपण कसे दिसतो. समोर 'स्व' आणि 'त्स' यांत अडकलेला सहा वर्षांचा मुलगा बसला की अर्धा तास ते सारे बाजूला पडते. शिवाय वर्गात ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याचीही इथे कोणीतरी वाट पाहत असते. आम्ही शिक्षक हे दर शनिवारी पाहतो. ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगताना स्वतःचेही पक्के होते, ते वेगळेच.

आता विश्वस्तांपुढे आलेल्या सूचनेविषयी. या कामाला प्रमाणपत्र व वाढीव गुण द्यावेत, असे काहींचे म्हणणे आहे. हेतू चांगला आहे, तरी आमचे मत विरुद्ध आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शाळा पूर्ण केलेल्या हजारो लोकांचा अभ्यास अनेक दशके चालला. २००४ मध्ये त्यांना स्वयंसेवा करता का, का करता, हे विचारले. २००८ पर्यंत, इतरांसाठी म्हणून काम करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. स्वतःच्या लाभासाठी करणाऱ्यांत ते काहीच न करणाऱ्यांएवढेच होते. त्या वृद्धांची गोष्ट मुलांना जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरे. पण गुण लावले की मुलाची नजर समोरच्या पुस्तकावरून हजेरीपटाकडे वळते, एवढे समजायला परदेशी अभ्यासाची गरज नाही.

सक्तीही नको. ज्याच्या घरी आजारपण आहे, जो स्वतःच अभ्यासात मागे पडून घाबरला आहे, त्याच्यावर आणखी एक ओझे कशाला?

दुसऱ्या सत्रात हा तास वार्षिक परीक्षेच्या तीन आठवडे आधी बंद होईल, म्हणजे नववीच्या पालकांची काळजी मिटेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपल्या वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. मध्येच थांबायचे असल्यास तसे सांगावे, म्हणजे लहान मूल वाट पाहत बसणार नाही. मोठ्या टाइपातल्या मराठी गोष्टींची पुस्तके कमी पडत आहेत. कोणाच्या कपाटात असतील तर शाळेत आणून द्यावीत. फाटकी असली तरी चालतील, चिकटवायला सातवीची मुले तयार आहेत.