वाराहीकंद : औषधापूर्वी अन्न

अष्टवर्गातील ऋद्धी व वृद्धी यांच्या अभावी वाराहीकंद घ्यावा, हा भावमिश्रांचा निर्देश वैद्यवर्गास सुपरिचित आहे. मूळ अष्टवर्ग दुर्मिळ झाल्यापासून अनेक रसायनकल्पांत प्रतिनिधिद्रव्यांचा उपयोग हाच नियम होऊन बसला आहे. मात्र जो कंद आपण औषधी द्रव्य म्हणून पोत्याने खरेदी करतो, तोच कंद नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबांत, शिजवून खाल्ला जातो. द्रव्यगुणाच्या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही. तिचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. डायॉस्कोरिया प्रजातीतील सर्व वेलकंदांना मराठीत एकच नाव नाही. लागवडीचे ते कोनफळ, वेलीवर हवेत बटाट्यासारखी फळे धरणारा तो करांदा किंवा कडू करांदा (आपला वाराही), आणि मेळघाटात ज्यास बैचांदी म्हणतात तो विषारी कंद. नवापूरकडील रुग्णास ‘रताळे खा’ असे सांगताना तर विशेष सावध असावे. सीमेपलीकडील गुजरातीत ‘रतालू’ म्हणजे जांभळे कोनफळ. आपल्या रताळ्यास तेथे ‘शक्करिया’ म्हणतात. सुरण हा कंद असला तरी त्याचे वनस्पतिकुल निराळे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात विदारीकंद व शतावरीबरोबरच पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, रक्तालुक अशी आलुकांची मालिकाच येते. हे कंद मधुर, शीत, गुरू, रक्तपित्तहर आणि स्तन्यवर्धक सांगितले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही गणना अन्नपानविधीच्या अध्यायात आहे, औषधिकल्पांच्या नव्हे.

आता देशाच्या अन्नपुरवठ्याकडे पाहू. पश्चिम आफ्रिकेत या कंदांना आपल्या ज्वारी-बाजरीचे स्थान आहे. जगातील एकूण उत्पादनाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या नायजेरियाचा असून घाना व आयव्हरी कोस्ट हे त्यानंतरचे प्रमुख उत्पादक होत. तेथे नवा कंद निघाला की आपल्या नवान्नासारखा उत्सव होतो. भारतात तिरुवनंतपुरम येथे १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था कार्यरत आहे व तिने कोनफळाचे सुधारित वाणही दिले आहेत. तथापि आपल्या अन्नसुरक्षेचा हिशेब धान्यातच मांडला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. कंदास त्यात स्थान नाही. ताज्या कंदाच्या १०० ग्रॅममधून सुमारे ११८ किलोकॅलरी मिळतात, तांदळातून त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे तीन किलो कंद हा एक किलो धान्याचा भार उचलतो. जंगलातून घरी आलेला हा भार कोणत्याही शासकीय नोंदवहीत चढत नाही.

वेलकंदाचे स्वतःचे पंचांग असते. पावसाळ्यात वेल वाढतो, दिवाळीनंतर पाने पिवळी पडून तो वाळतो आणि तेव्हा कंद पिष्टाने भरलेला असतो. पुन्हा पाऊस पडला की साठविलेले पिष्ट नव्या कोंबास जाते. म्हणून हेमंतापासून ग्रीष्मापर्यंत त्याचा आधार असतो. आषाढ-श्रावणाच्या टंचाईत मात्र काप करून वाळवून ठेवलेला कंदच उपयोगी पडतो. नंदुरबार जिल्ह्यात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. त्यावर केवळ कंद हा उपाय होय, असे म्हणणे अयोग्य ठरेल. त्यात प्रथिने जेमतेम दीड टक्का. शिवाय तो गुरू असल्याने मंदाग्नी बालकास कंदानेच पोट भरविणे हितकर नाही. तूर, उडीद किंवा मासळीच्या जोडीने मात्र तो उत्तम आहार होय, आणि स्तनदा मातेस तर शास्त्रानेही अनुकूल.

शोधनाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बैचांदीत डायॉस्कोरिन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे द्रव्य असते व ते पाण्यात विरघळते. म्हणून आदिवासी स्त्रिया तिचे पातळ काप करून वाहत्या पाण्यात ठेवतात आणि पुन्हापुन्हा धुऊनच शिजवितात. कडू करांदाही राखेच्या पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मगच खातात. हे शोधनच नव्हे काय? चीनमध्ये याच करांद्याच्या औषधी सेवनाने यकृतास इजा झाल्याची वृत्ते प्रसिद्ध आहेत व त्यातील डायॉसबल्बिन हे द्रव्य त्यास कारण मानले जाते. अशा स्थितीत बाजारातील अशोधित वाराहीचूर्ण दीर्घकाळ देणे, विशेषतः कामलेचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास, मला धोक्याचे वाटते. गुराखी व वनवासी वनस्पतींस नामरूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनी म्हटले आहे. येथे ते संस्कारानेही जाणतात, हे मान्य करण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

मागणी वाढल्यावर काय होते, याचा धडा जवळचाच आहे. संप्रेरकनिर्मितीस लागणाऱ्या डायॉसजेनिनसाठी हिमालयातील डायॉस्कोरिया डेल्टॉइडिया इतका खणला गेला की १९७५ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. सातपुड्यातील कंद त्या वाटेने जाऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने मुळे व कंद हे गौण वनोपजात गणले असून त्यांच्या संकलनाचा हक्क वननिवासींचा आहे. तेव्हा औषधिनिर्मात्याने दलालाऐवजी ग्रामसभेकडून, घरची गरज भागल्यावर उरलेलाच माल घ्यावा.

याहून चांगला मार्ग लागवडीचा. धडगाव तालुक्यात बायफ संस्थेच्या साहाय्याने मका व ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या बियाणे बँका उभ्या राहिल्या. त्याच धर्तीवर कंदबेणेही जपता येईल. करांद्याची वेलीवरील फळेच बेणे म्हणून चालतात, त्यासाठी जमिनीतील कंद खणण्याची आवश्यकता नाही. कोनफळाचा कोंबाकडील तुकडा राख लावून वैशाखाच्या अखेरीस कुंपणालगत पुरावा व वेलास आधार द्यावा. आपल्या चिकित्सालयाच्या परसात जागा असेल त्यांनी यंदा दोन-चार वेल लावून पाहावेत; बेणे कोनफळाचेच असल्याची खात्री मात्र आधी एखाद्या जाणत्या वृद्धेकडून करून घ्यावी.