जुना डबल बेस विकत घेताना

व्हायोलिनच्या कुटुंबातील सर्वांत मोठे आणि सर्वांत खालच्या स्वरांचे वाद्य म्हणजे डबल बेस होय. उभ्या माणसाहूनही उंच असे हे वाद्य वादक उभ्यानेच किंवा उंच स्टुलावर बसून वाजवतो. त्याला बहुधा चार तारा असतात आणि त्या ई, ए, डी, जी या स्वरांत लावलेल्या असतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते गजाने वाजवले जाते, तर जाझमध्ये प्रामुख्याने बोटांनी. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी ते अनेक वर्षे वाजवले. त्यामुळे त्याचे नाव ठाऊक नसलेल्या श्रोत्यांच्याही कानांना त्याचा नाद अपरिचित नाही.

हे वाद्य शिकू इच्छिणाऱ्यापुढे पहिलीच अडचण पैशाची उभी राहते. नवशिक्याला साधे व्हायोलिन किंवा गिटार थोडक्यात मिळते. डबल बेसचे तसे नाही. त्याला लाकूड पुष्कळ लागते, श्रम पुष्कळ लागतात, आणि त्याच्या तारांचा एक संच गिटारच्या संचाच्या कित्येक पट महाग असतो. म्हणून युरोप-अमेरिकेत बेताच्या ऐपतीचे विद्यार्थी बहुधा जुन्या वाद्याकडे वळतात. हा मार्ग शहाणपणाचाच आहे. मात्र जुन्या वाद्याची निवड चुकली, तर पैसा जातो तो जातोच, शिवाय उंच ताणलेल्या तारा दाबता दाबता शिकणाऱ्याचे मनगट आणि अंगठा दुखावतो. अशा विद्यार्थ्याला आपल्या हातात बळ नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात दोष वाद्याचा असतो.

स्वस्त वाद्याविषयी बोलताना प्रथम प्लायवूडचा विचार करावा लागतो. उत्तम डबल बेसची पुढची फळी स्प्रूसच्या आणि मागची फळी मेपलच्या अखंड लाकडातून कोरून काढलेली असते. अमेरिकेत शिकागो येथील के कंपनीने १९३७ मध्ये दाबून आकार दिलेल्या प्लायवूडचे बेस विक्रीस आणले. शाळांतील वाद्यवृंद, नृत्यगृहे, लोकसंगीताचे फड अशा सर्वत्र ते पोहोचले. कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपला कारभार आवरला. परंतु तिचे बेस आजही वाजवले जातात व विकले जातात. एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ मधील ‘हार्टब्रेक हॉटेल’ या गाण्यात बिल ब्लॅकने वाजवलेला बेस याच कंपनीचा होता, आणि पुढे तो पॉल मॅकार्टनीच्या संग्रहात गेला. प्लायवूडचा नाद कोरीव लाकडाइतका मोकळा व रंगतदार नसतो, हे खरे. परंतु प्लायवूड सहसा चिरत नाही, कोरड्या हवेला दाद देत नाही आणि प्रवासाचे धक्के सोसते. तुटपुंज्या रकमेत कोरीव म्हणून मिळणारे वाद्य बहुधा एक तर निकृष्ट असते किंवा मोडके असते. तेवढ्याच रकमेत सुस्थितीतला प्लायवूडचा बेस मिळत असेल, तर विद्यार्थ्याने निःशंकपणे तो घ्यावा.

वाद्याच्या पोटात चिकटवलेल्या लेबलावर मात्र फार भिस्त ठेवू नये. जर्मनीतील मिटेनवाल्ड व मार्क्नॉयकिर्खेन किंवा बोहेमियातील लुबी या गावांची वाद्यनिर्मितीची परंपरा थोर आहे, आणि नेमक्या याच कारणाने कोणत्याही जुन्या वाद्याला ती नावे चिकटवण्याचा मोह विक्रेत्यांना होतो. कागदाचा तुकडा वाजत नाही. चकचकीत रोगणाचेही तेच. कडेचे टवके, ओरखडे आणि उडालेला रंग यांमुळे किंमत उतरते, पण नादाला काहीही बाधा येत नाही. अशी कुरूपता गरजू ग्राहकाच्या पथ्यावरच पडते.

खरी परीक्षा मानेपासून सुरू होते. चारही तारांचा मिळून ताण शंभर किलोग्रॅमहून अधिक असतो, आणि हा सारा भार मान व धड यांच्या सांध्यावर रात्रंदिवस पडत असतो. वाद्य एकदा जरी पाठीवर आपटले, तरी मान मुळाशी तडकते. सांध्याभोवती रोगणाची छटा निराळी दिसली, सरसाचे ओघळ दिसले किंवा स्क्रू ठोकलेला आढळला, तर तेथे मोड झाली होती असे समजावे. केवळ दुरुस्ती झाली म्हणून वाद्य टाकून देण्याचे कारण नाही. नीट जोडलेली मान वर्षानुवर्षे टिकते. एका हाताने वाद्याचे डोके धरून ते हलकेच मागेपुढे लोटावे आणि सांध्यात केसाएवढी तरी फट उघडते का, ते पाहावे. फट उघडत असेल तर वाद्याला हात जोडावेत. मान पुन्हा बसवण्याची मजुरी स्वस्त बेसच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकते.

मान पुढे झुकली आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी तारांची उंची मोजावी. पोलादी तारा असल्यास सर्वांत बारीक तारेखाली सहा-सात मिलिमीटर आणि सर्वांत जाड तारेखाली दहाच्या आसपास अंतर सामान्यतः सोयीचे समजले जाते. अंतर याहून पुष्कळ अधिक असेल आणि घोडीही उंच असेल, तर घोडी तासून काम भागते. परंतु घोडी आधीच बुटकी असून तारा मात्र उंच असतील, तर मान खाली आली आहे हे उघड होते, आणि हा दोष घोडीने सुधारणारा नाही.

यानंतर वाद्याच्या पोटात पाहावे. एक छोटा आरसा आणि दिवा नाद-छिद्रांतून आत सरकवला की पुष्कळ काही दिसते. घोडीच्या उजव्या, म्हणजे बारीक तारेच्या बाजूच्या पायाच्या किंचित मागे, आतून एक गोल लाकडी दांडी दोन्ही फळ्यांच्या मध्ये उभी असते. तिला नादस्तंभ म्हणता येईल. डाव्या पायाखाली फळीला लांबट पट्टी चिकटवलेली असते. कोरीव वाद्यात नादस्तंभाच्या जागी फळीला चीर गेली असेल, तर तिच्यासाठी वाद्य उघडून आतून लाकडाचे ठिगळ बसवावे लागते. हे काम कुशल कारागिराचे आणि खर्चाचे आहे. डावी बाजू खचलेली दिसली, तर आतील पट्टी सुटली असण्याचा संभव असतो. कडेचे सांधे उकलणे मात्र किरकोळ समजावे. फळी आकसली की तिच्याऐवजी सांधा सुटावा, म्हणूनच तेथे पाण्याने विरघळणारा सरस वापरतात. बोटाच्या पेराने कडेने टिचक्या मारीत गेले, की सुटलेला भाग फटफटतो आणि कळून येतो.

फिंगरबोर्ड आबनुसाचा असावा. शिसवीचाही चालतो. मऊ लाकूड काळे रंगवून बसवलेले असेल तर तारांनी त्यात खाचा पडतात. काही अतिशय स्वस्त नवी वाद्ये याच ठिकाणी फसवतात: ती दिसतात बेससारखी, पण वर्षभरात वाजवण्यालायक राहत नाहीत. शेवटी प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर सावकाश वाजवून ऐकावा. कोठे खरखर होते, कोठे स्वर दबतो, ते ध्यानात ठेवावे. एखादा स्वर गुरगुरत असेल तर घाबरू नये, थोड्याफार प्रमाणात ते चांगल्या वाद्यातही आढळते. ग्राहकाला अद्याप वाजवता येत नसेल, तर वादकाला सोबत नेणे इष्ट.

आकाराच्या नावानेही नवख्याचा गोंधळ होतो. बाजारात तीन-चतुर्थांश म्हणून ओळखला जाणारा बेस हाच वस्तुतः प्रौढांचा सर्वसामान्य बेस आहे. त्याच्या तारेची वाजती लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते. ‘पूर्ण’ आकाराचा बेस क्वचितच दिसतो, आणि तो नाही म्हणून कोणी खंत करू नये.

आता रकमेच्या वाटणीविषयी. हाताशी असलेला सारा पैसा वाद्यावरच खर्च करणे ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे. जुना बेस घरी आला की घोडी तासणे, नादस्तंभ जागेवर बसवणे, फिंगरबोर्ड रंधून सपाट करणे आणि तारा बदलणे ही कामे हटकून निघतात. एकूण रकमेचा निदान पाचवा हिस्सा त्यासाठी राखून ठेवावा. नीट जुळवलेला साधा बेस हा न जुळवलेल्या महागड्या बेसपेक्षा शिकण्यास अधिक अनुकूल असतो. तारांच्या बाबतीत काटकसरीची एक वाट आहे. पोलादी तारा अनेक वर्षे टिकतात, आणि वादक निरनिराळ्या तारा लावून पाहत असल्याने थोड्या वापरलेल्या तारा त्यांच्याकडून अल्प किमतीत मिळू शकतात. गजाची खरेदी मात्र बोटांनीच वाजवणाऱ्याने पुढे ढकलली तरी चालेल.

तेवढीही रक्कम जमत नसेल, तर काही दुकाने वाद्य भाड्याने देतात आणि भरलेल्या भाड्याचा काही अंश पुढे किमतीतून वजा करतात. ही अट आधी लेखी करून घ्यावी.

व्यवहार ठरला की वाद्य घरी नेण्याचा प्रश्न येतो. मोटारीत ते बाजूच्या पट्ट्यांवर आडवे ठेवावे, घोडीवर भार येऊ देऊ नये, आणि प्रवासासाठी म्हणून साऱ्या तारा एकदम सैल करू नयेत. नादस्तंभ सरसाने चिकटवलेला नसतो. तो केवळ फळ्यांच्या दाबावर उभा असतो. ताण गेला की तो आत कोसळतो, आणि तो पुन्हा उभा करण्यासाठी कारागिराचे दार ठोठवावे लागते.