समुद्रातली बुडी आणि पसरणीचा घाट

वाईहून पसरणीचा घाट चढताना कानांना दडे बसतात, हा पाचगणीकरांच्या नेहमीच्या अनुभवातला भाग आहे. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की कान मोकळे होतात आणि आपण ते विसरूनही जातो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. एवढ्या चढणीत हवेचा दाब जितका बदलतो, तितकाच बदल पाण्यात अवघे दोन फूट खाली गेल्यावर होतो. म्हणजे आपला अख्खा घाट पाण्याच्या हिशेबाने गुडघाभर! हा हिशेब लक्षात ठेवला तर आजचा विषय समजायला सोपा जाईल.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याकडची तरुण मंडळी मालवण-तारकर्लीला जातात. पाठीवर नळकांडे बांधून, तोंडात नळी धरून समुद्राचा तळ आणि मासे पाहतात. यालाच स्कूबा म्हणतात. नळकांड्यात 'ऑक्सिजन' असतो असा बहुतेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून भरलेली. आणि बहुतेक दुखणी या साध्या हवेमुळेच होतात.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर शरीरावर जमिनीच्या दुप्पट दाब असतो, २० मीटरवर तिप्पट. पहिला त्रास कानांना होतो, तोही पहिल्या दोन-चार मीटरांतच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान सुटतात. सर्दी झालेली असेल तर कानाकडे जाणारी बारीक नळी सुजलेली असते आणि कान सुटत नाहीत. तरीही जोर करून खाली गेल्यास पडद्याला इजा होते, कधी तो फाटतो. पैसे भरले आहेत म्हणून सर्दीत बुडी मारणे हा वेडेपणा आहे.

दुसरा धोका श्वास कोंडण्याचा. आपल्याकडे पुष्कळ जण विहिरीत पोहायला शिकले. सूर मारायचा, दम धरायचा, तळाचा दगड घेऊन वर यायचे, ही लहानपणापासूनची सवय. विहिरीत ती चालते, कारण छातीत भरलेली हवा काठावर घेतलेली असते. खाली गेल्यावर ती आकसते आणि वर आल्यावर पुन्हा पहिल्याइतकी होते. स्कूबात मात्र हवा खोलीवरच, दाबाखाली घेतलेली असते. १० मीटरवर घेतलेला भरपूर श्वास कोंडून वर आलात, तर ती हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. फुप्फुसाला तेवढे ताणता येत नाही, ते फाटते. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटरसुद्धा पुरते. म्हणून शिकवणारा जो पहिला नियम सांगतो तो असा की, श्वास कधीही कोंडू नका, सावकाश घेत-सोडत राहा. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हा नियम अधिक काळजीने पाळावा, कारण सवय त्यांचीच पक्की असते.

आता घाटाकडे येऊ. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही. तो आत येतो तसा बाहेर जातो. पण दाब वाढला की तो रक्तात आणि चरबीत विरघळू लागतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जागेवर आहे तोवर पाणी स्वच्छ दिसते. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि बुडबुडे उसळतात. पाणबुड्या सावकाश वर आला तर हा वायू श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर बुडबुडे रक्तात, सांध्यांत, क्वचित मज्जारज्जूत तयार होतात.

या दुखण्याची ओळख जगाला झाली ती पुलांच्या पायामुळे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे काम १८७० च्या सुमारास चालू असताना नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेट्यांत मजूर खणत असत. वर आल्यावर कित्येकांचे सांधे धरत, काहींचे पाय लुळे पडत, काही दगावले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये या आजाराने अंथरुणाला खिळला. पत्नी एमिली त्याचे निरोप कामावर पोहोचवीत असे. १८८३ मध्ये पूल खुला झाला. फ्रान्सच्या पॉल बर्टने १८७८ मध्ये नत्रवायूचे कारण दाखवून दिले आणि ब्रिटनच्या हाल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये किती खोलीवरून किती सावकाश वर यावे याची कोष्टके दिली. आजचा पाणबुड्या मनगटावर जो छोटा संगणक बांधतो, त्यातही मूळ विचार तोच आहे.

ही सगळी कोष्टके एक गोष्ट गृहीत धरतात: माणूस वर येऊन समुद्रकाठीच थांबणार. आपण थांबत नाही. सकाळी बुडी, दुपारी माशाचे जेवण, आणि रात्रीपर्यंत घर! पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला येणारी गाडी दोन तासांच्या आत जवळजवळ समुद्रसपाटीपासून १३५० मीटरवर येते. पाचगणीत हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे १४ टक्के कमी असतो. शरीरात शिल्लक राहिलेल्या नत्रवायूच्या दृष्टीने सोड्याची गोटी आणखी थोडी आत ढकलली गेली.

विमानप्रवासासाठी जे नियम आहेत तेच इथे उपयोगी पडतात. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या पुढाकाराने २००२ मध्ये तज्ज्ञांनी ठरवले की एकाच बुडीनंतर निदान १२ तास आणि एकाहून अधिक किंवा रोजच्या बुड्यांनंतर निदान १८ तास उंचीवर जाऊ नये. वर येताना मध्ये थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब बुडी असेल तर त्याहूनही बराच जास्त वेळ थांबावे. हे नियम २००० ते ८००० फुटांच्या उंचीला लागू आहेत. पाचगणी सुमारे ४२०० फुटांवर आहे. वाई आणि सातारासुद्धा २००० फुटांच्या वरच येतात.

पर्यटकांना पाच-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटे नेऊन आणतात. त्यात शरीरात मुरणारा नत्रवायू थोडा असतो आणि या आजाराची शक्यता फार कमी असते, हे सांगितले पाहिजे. त्यांनी एक रात्र कोकणात काढली की पुरे. खरी काळजी घ्यायची ती तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करून १८ मीटरपर्यंत जाणाऱ्यांनी. सहल आखणाऱ्या शिक्षकांना आणि मंडळांना एक सोपा उपाय सुचवतो. बुडी पहिल्या दिवशी ठेवा. सिंधुदुर्ग किल्ला, देवदर्शन, बाजार शेवटच्या दिवशी. कार्यक्रमाचा क्रम फिरवायला पैसे पडत नाहीत.

दमेकऱ्यांनी आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांनी छातीची तपासणी केल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल एअर आरोग्यधाम काढले तेव्हापासून पाचगणीला फुप्फुसांचे दुखणे नवे नाही. बऱ्या झालेल्या फुप्फुसातही व्रणाच्या जागी हवा अडकून राहू शकते आणि वर येताना तिथेच फाटते.

काही तरुण विचारतात, मालवणला कशाला, इथल्याच एखाद्या पाण्याने भरलेल्या दगडखाणीत सराव का करू नये? समुद्रापासून दूर राहणारे परदेशी क्लब तसे करतात. इंग्लंडमध्ये लीस्टरशर परगण्यातली स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण ती पाणबुड्यांसाठी राखलेली, देखरेखीखालची जागा आहे. आपल्या खडीच्या खाणींच्या कडा सरळ तुटलेल्या असतात, बाहेर यायला पायरी नसते, वरचे पाणी कोमट आणि खालचे एकदम गार. गार पाण्यात शिरताच माणूस नकळत धापा टाकतो आणि पाणी नाकातोंडात जाते. शिवाय आपल्या उंचीवर १० मीटरची बुडी ही समुद्रातल्या साडेअकरा मीटरांच्या बरोबरीची धरावी लागते, त्यामुळे समुद्राची कोष्टके इथे जशीच्या तशी चालत नाहीत. अशा खाणीत कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी न घेता दोर, काठी किंवा रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. लगेच तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी.

बुडीनंतर चोवीस तासांत खांदा, कोपर किंवा गुडघा दुखू लागला, अंगाला खाज सुटून चट्टे उठले, फार थकवा आला, हातापायांना मुंग्या आल्या, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली, तर ती प्रवासाची दगदग समजू नका. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की पाण्याखाली गेलो होतो, किती खोल, किती वेळ, कधी. आपल्या भागात ही शंका डॉक्टरांच्या मनात सहसा येणार नाही. रुग्णाला आडवे ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत तो मिळतो. 'पुन्हा पाण्यात नेऊन सावकाश वर आणू' हा प्रयोग करू नये. पक्का इलाज म्हणजे दाबाच्या बंद कोठीत ठेवून ऑक्सिजन देणे. मुंबईत कुलाब्याला नौदलाची 'इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन' आहे; पाणबुड्यांच्या आजारांचा अभ्यास तिथे होतो. त्रास कोकणातच सुरू झाला तर रुग्णाला घेऊन घाट चढू नका. किनाऱ्याकाठच्या रस्त्यानेच गोवा किंवा मुंबई गाठा, आणि निघण्यापूर्वी फोन करून कोठी चालू आहे की नाही हे विचारून घ्या.