परसातले पाहुणे

पक्षी पाहायला दांडेलीचे जंगलच गाठावे लागते असे नाही. आमच्या बेळगावच्या परसात मी मातीचे उथळ परळ ठेवले आहे. पाणी दोन बोटेच असावे, नाहीतर चिमणी अंघोळीला उतरत नाही. आणि ते रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. बुलबुल, दयाळ येतात, जास्वंदीवर शिंजीर. शिंपी पक्षी तर पाने शिवून घरटे करतो, दोरा कोळ्याच्या जाळ्याचा!

दाणे टाकणारे पुष्कळ, पण तेच लोक फुलझाडांवर औषध फवारतात. चिमणी स्वतः दाणे खाते. कोवळ्या पिलांना मात्र अळ्या-किडेच भरवते. अळ्या मेल्या, तर दाण्यांची रास असूनही पिले उपाशी. यंदा आमच्या जास्वंदीवर फवारणी बंद आहे. पाने कुरतडलेली दिसतात. शेजारी हसतात, हसोत.