प्रश्न घेऊन निघालेला विद्यार्थी : धर्मानंद कोसंबी आणि आपल्या वर्गातले प्रवासी



परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या गोष्टी मुलांना फार आवडतात. विमान, बर्फ, मोठमोठी विद्यापीठं. पण आज ज्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगणार आहे, तो परदेशात शिकायला गेला तेव्हा त्याच्याकडे ना शिष्यवृत्ती होती, ना पदवी. शाळाही त्याला धड मिळाली नव्हती. बराचसा प्रवास त्याने पायीच केला. हा पाठ मी शेणव्याला पाचवीच्या वर्गात घेतला. पाठ मुलांसाठी होता, पण शेवटी त्यातून मीच जास्त शिकले. म्हणून हा लेख.

गोष्ट थोडक्यात

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरी नारळाची बागायत. शिक्षण अगदी थोडं. मात्र वाचनाचं वेड होतं. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मनात एक प्रश्न रुतून बसला : या माणसानं नेमकं काय सांगितलं? ते मुळातून कुठे शिकायला मिळेल?

गावात उत्तर नव्हतं. १८९९ च्या शेवटी ते घराबाहेर पडले. आधी पुणे, मग ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं, असा क्रम. पण मूळ प्रश्न तसाच होता. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असं कळल्यावर १९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळला गेले.

इथे थांबून मुलांना नकाशा दाखवा. काठमांडूला खालच्या मैदानातून मोटाररस्ता झाला तो १९५० च्या दशकात. म्हणजे त्याआधी जाणाऱ्याला डोंगरवाटेनं चढत उतरतच जावं लागे. आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. नाणेघाट चढलेलं पोर लगेच म्हणतं, "बाई, पोटऱ्या दुखल्या असतील."

एवढं चालून नेपाळात पोहोचले, आणि निराशा झाली. हवं होतं ते तिथे मिळालं नाही. माझ्या मते या गोष्टीतली सर्वांत मोलाची जागा हीच. ते बुद्धगयेला आले. तिथे लंकेला जायचा सल्ला मिळाला, तेव्हा कोलकात्यामार्गे समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे त्यांना गुरू मिळाला, श्रामणेर म्हणून दीक्षा मिळाली आणि पाली भाषा शिकता आली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. भारतात परतल्यावर सारनाथ, कुशीनगर अशी बुद्धाच्या आयुष्यातली ठिकाणं त्यांनी भिक्षू म्हणून पाहिली.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवू लागले. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी त्यांना बोलावलं, १९१० मध्ये पहिल्यांदा आणि नंतरही काही वेळा. आपल्या प्रवासाची हकीकत त्यांनी स्वतःच 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहिली.

वर्गात हा पाठ कसा घेतला

१. सुताचा नकाशा. मोठ्या नकाशावर गोवा ते कोलंबो टाचण्या लावल्या आणि त्यांना सूत गुंडाळलं. नंतर सूत सोडून पट्टीनं मोजलं आणि नकाशाच्या प्रमाणाने किलोमीटर काढले. परिसर अभ्यास आणि गणित दोन्ही झालं.

२. एक भाषा, अनेक लिप्या. पालीला स्वतःची वेगळी अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, आपण देवनागरीत. मुलांना विचारलं, "अशी दुसरी भाषा सांगा, जिला स्वतःची लिपी नाही." थोडा वेळ शांतता. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "आमची कातकरी." त्याच्या भाषेतली पाच वाक्यं आम्ही देवनागरीत फळ्यावर लिहिली. त्या दिवशी मी विद्यार्थी होते आणि तो गुरुजी.

३. चुकलेली वाट. "नेपाळला गेले ते फुकट गेलं का?" यावर दोन गट पाडले. चर्चा चांगली रंगली. शेवटी एका मुलीनं निकाल दिला : "तिथं नाही हे कळलं म्हणून तर ते लंकेला गेले." गणित चुकलं की पान फाडणाऱ्या मुलांना हे वाक्य आता मी पुन्हा पुन्हा ऐकवते.

मला न आलेलं उत्तर

पाठ संपत आला तेव्हा एका मुलीनं हात वर केला. "बाई, ते गेले तेव्हा त्यांच्या घरी कोण होतं?"

मी सांगितलं, पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती, माणिक.

"मग त्यांना कोणी सांभाळलं?"

मी गप्प झाले. ही मुलगी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते. तिथे धाकट्या भावाला तीच सांभाळते. एक माणूस कामाला किंवा शिकायला बाहेर पडला की मागचा भार कोणावर पडतो, हे तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

पालकहो, मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना ही बाजू आपण गाळतो. गाळू नये. कोसंबी जवळजवळ सात वर्षं घरापासून दूर होते. त्यांच्या शिक्षणाची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे. हे सांगितल्यानं ते लहान होत नाहीत, गोष्ट खरी होते. मुलांना मी पुढचंही सांगितलं. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना कोसंबींनी माणिकला आणि दामोदरला सोबत नेलं. दोघं तिथे शिकली. दामोदर म्हणजे पुढचे मोठे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. ते ऐकून ती मुलगी म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या वेळी नेलं." आणि खाली बसली.

आपल्या वर्गातले प्रवासी

त्या रात्री मी हजेरीपट उघडला. त्या मुलीच्या नावापुढे, त्या कातकरी मुलाच्या नावापुढे महिनोन्महिने एकच शेरा : सतत गैरहजर. माझ्याच अक्षरातला.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वीटभट्टीवर जाण्याला कोणी साहस म्हणू नये. कोसंबी प्रश्न घेऊन स्वतःच्या इच्छेनं निघाले होते. ही मुलं पोटासाठी, मोठ्यांच्या मागून जातात. ही सक्ती थांबावी, मुलं गावातच राहून शाळेत यावीत, यासाठीच आपली धडपड आहे. पण गेलेलं पोर परत येतं तेव्हा ते रिकाम्या हातानं येत नाही, हेही तितकंच खरं. विटांचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. नवं गाव, नवी भाषा, नवी माणसं त्याने पाहिलेली असतात. आपण मात्र पहिला प्रश्न विचारतो : "इतके दिवस कुठे होतास?" आणि तोही रागावून.

तोच प्रश्न मायेनं विचारला तर? त्याचा पाठ होतो.

म्हणून या वर्षापासून मी तीन गोष्टी सुरू केल्यात. तुम्हीही करून पाहा.

- स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलाला निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक हातात द्यायचं आणि आईवडिलांना समजावायचं की जिथे जाल तिथल्या शाळेत हे दाखवा, लेकराला बसू देतील.
- सोबत एक वही द्यायची. पहिल्या पानावर मुलाने स्वतःचा एक प्रश्न लिहायचा. अभ्यासाचाच हवा असं नाही. एकाने लिहिलंय, "वीट भाजल्यावर लाल का होते?"
- परत आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या मुलाने वर्गाला आपला प्रवास सांगायचा, सुताच्या नकाशासह. आम्ही फक्त ऐकायचं.

आणि जे पालक मुलांना सुट्टीत गावाला, गडावर, सहलीला नेतात त्यांनाही एक विनंती. माहुलीला जा, नाणेघाटाला जा, पण निघण्याआधी मुलाला विचारा, "तुला तिथे काय शोधायचंय?" फोटो दहा कमी आले तरी चालतील.

कोसंबींचा प्रवास आपल्यापर्यंत पोहोचला, कारण त्यांनी तो लिहून ठेवला. आपल्या मुलांचे प्रवास अजून कोणी लिहिलेले नाहीत. निदान ऐकायला तरी सुरुवात करू या.

तुमच्या वर्गात अशी मुलं असतील तर तुम्ही काय करता, ते जरूर कळवा.