गाजरगवत आणि त्वचाविकार

पावसाळा सुरू झाला की पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील औद्योगिक वसाहतींचे मोकळे भूखंड, लोहमार्गाच्या कडा आणि पवना-इंद्रायणीचे काठ बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात. हेच गाजरगवत. मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील शास्त्रीय नोंद १९५६ च्या सुमारास झाली, ती आपल्या पुण्यातूनच. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते.

या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेस बाधते. वाळलेल्या पानाफुलांची धूळ वाऱ्याने उडते. त्यामुळे तणास हात न लावताही पापण्या, मानेच्या बाजू व कोपराच्या खोबणीत खाज आणि चट्टे उठतात. ही बाधा बहुधा अनेक वर्षांच्या संपर्कानंतर प्रकट होते आणि एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत करते.

आमच्या या पट्ट्यात निदानाची एक विशेष अडचण आहे. यंत्रावरील कूलंट तेल व सिमेंट यांनीही त्वचा बिघडते. तेलाचा विकार प्रामुख्याने हातांवर दिसतो, तर गवताचा चेहऱ्यावर व मानेवर. तथापि केवळ पाहून निर्णय करू नये. पाठीवर पट्टी लावून केली जाणारी पॅच चाचणी यासाठीच असते. ती न करता कामगाराने नोकरी सोडावी आणि विकार तसाच राहावा, यासारखे दुर्दैव नाही.

तण फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. नुसते छाटल्यास ते पुन्हा फुटते, आणि एका झाडापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व नाका-तोंडावर फडके हवे. नंतर साबणाने स्नान करावे व ते कपडे वेगळे धुवावेत. फुले न आलेले तण कंपोस्ट खड्ड्यात घालता येते. ते जाळू मात्र नये. मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने खातात. तरोट्याची दाट वाढही त्यास मागे रेटते.

ज्यास बाधा झाली आहे, त्याने मात्र हातमोजे घालूनही या कामास जाऊ नये. दुकानातून परस्पर घेतलेली स्टिरॉइडची मलमे व गोळ्या तात्पुरता आराम देतात, परंतु पुढे अपाय करतात. तपासणीस येताना रुग्णाच्या आप्तांनी वापरातील सर्व औषधे बरोबर आणावीत, रिकाम्या ट्यूबसुद्धा.