धुराचे मोजमाप

मालमोटार काळा धूर ओकीत चढण चढू लागली की, वाटसरू नाकाला पदर किंवा रुमाल लावतात. "किती हा धूर!" असे जो तो म्हणतो, परंतु तो नेमका किती, हे डोळ्यांना सांगता येत नाही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू दिसतही नाही व त्याला वासही नसतो. म्हणून धूर मोजावा लागतो.

मोजण्याची एक रीत प्रयोगशाळेतील आहे. तेथे मालमोटारीची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात. गाडी जागच्या जागी धावते आणि तिचा धूर नळीने यंत्राकडे नेतात. पण अशा रीतीने एका वेळी एकच गाडी तपासता येते. रस्त्यावर तर हजारो धावतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती योजिली. ओकलंड शहराजवळ कॅल्डेकॉट नावाचा बोगदा आहे. १९९७ साली त्यात तीन वाटा होत्या. मधल्या वाटेने मालमोटारींना मज्जाव होता. तेथून बहुतेक पेट्रोलच्या लहान गाड्याच जात. बाजूच्या वाटेने लहान गाड्यांबरोबर डीझेलच्या मालमोटारीही जात. दोन्ही वाटांतील हवा तपासून लहान गाड्यांचा हिस्सा वजा केला म्हणजे मालमोटारींचा हिस्सा हाती येई.

पण इंधन किती जळले, हे कसे कळावे? इंधनातील जवळजवळ सर्व कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो मोजला की जळलेल्या इंधनाचा हिशेब लागतो. या हिशेबाने असे आढळले की, तेवढेच इंधन जाळून मालमोटारी लहान गाड्यांच्या सुमारे २४ पट सूक्ष्म कण बाहेर टाकीत होत्या. हे कण श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात.

पुढे ओकलंड बंदरात येणाऱ्या जुन्या मालमोटारींना काजळी अडविणारी गाळणी बसविणे किंवा नवी गाडी घेणे नियमाने भाग पडले. शास्त्रज्ञांनी बंदराजवळच्या पुलावरून पुन्हा मापे घेतली. २००९ ते २०१३ या काळात मालमोटारींची काजळी सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली होती. नियम केल्याने हवा खरोखर सुधारली की नाही, हेही मोजमापानेच कळले.

स्वाध्याय
१. केवळ पाहून धुराचा अंदाज का करता येत नाही?
२. बोगद्याच्या दोन वाटांतील हवा का तपासली?
३. जळलेल्या इंधनाचा हिशेब कसा करतात?